चिकूंची परडी

सरोजिनीबाईंना राग आला की त्या आवाज चढवत नसत, बाजारात जात. त्यामुळे त्यांनी सकाळी सकाळी कापडी पिशवी उचलली, तेव्हा सदानंदरावांनी वर्तमानपत्र खाली केलं.

"कुणावर?"

"चिकू आणायला चाललेय."

"म्हणजे कांचनवर," सदानंदराव म्हणाले आणि पुन्हा बातम्यांत शिरले.

कांचन समोरच्याच इमारतीत राहायची. काही वर्षांपूर्वी ती माना टाकलेले गुलाब घेऊन रडवेल्या तोंडानं दारात उभी राहिली होती. बाईंनी जन्मभर शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवलेलं, शिष्य दिसला की त्यांना राहवत नसे. देठ पाण्यात बुडवूनच तिरपे कापायचे, पाण्याखाली पान राहू द्यायचं नाही, पाणी रोज बदलायचं, त्यात चिमूटभर साखर नि लिंबाचे दोन थेंब. सगळं हाताला धरून शिकवलं. फक्त फुलांजवळ काय ठेवू नये, तेवढं सांगायचं राहून गेलं. मांजरानं वाघाला सगळं शिकवलं आणि झाडावर चढणं तेवढं राखून ठेवलं, त्यातलाच प्रकार. फक्त मांजरानं ते मुद्दाम केलं होतं.

पुढे बडोद्यातल्या त्यांच्या मराठी मंडळानं दरवर्षीची टवटवी स्पर्धा काढली. घरोघर सारखेच गुच्छ द्यायचे, आठवड्यानं परीक्षकांनी फिरून बघायचं, ज्याची फुलं ताजी त्याला चांदीचा पेला. कांचननं लागोपाठ दोन पेले नेले. बाईंना त्याचं काही नव्हतं. पण पाडव्याच्या कार्यक्रमात कांचन 'माझी रीत' या विषयावर बोलली, आणि त्या भाषणात सासूबाई आल्या, माहेरची बाग आली, लिंबूसुद्धा आलं. सरोजिनीबाई तेवढ्या आल्या नाहीत. त्या दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या.

कार्यक्रम संपल्यावर जिन्यात बाईंनी हलकेच विषय काढला, तर कांचन हसून म्हणाली, "अहो सरोजिनीबेन, फुलं पाण्यात ठेवतात हे काय तुम्ही शोधून काढलंत?"

बाई "खरंच की" म्हणाल्या आणि घरी आल्या. त्याला आता वर्ष होत आलं होतं. राग मुरांब्यासारखा झकास मुरला होता.

खंडेराव मार्केटात फळवाल्यानं विचारलं, "बेन, आजे खावाना के परमदिवसे?"

"खायचे नाहीतच. पण परवापर्यंत वास दरवळला पाहिजे."

फळवाल्यानं बडोद्यात सगळ्या तऱ्हेची गिऱ्हाइकं पाहिली होती. त्यानं निवडून दिले.

परडी सजवून बाई कांचनकडे पोचल्या. "परवा परीक्षक येणार ना? म्हटलं, तुझं तोंड गोड करावं."

ती परडी कुठे जाणार हे बाईंना पाठ होतं. आलेली भेट कांचन आत नेत नसे. दिवाणखान्यात फुलदाणीला टेकवून ठेवायची, म्हणजे आल्यागेल्यानं विचारावं, कुणाकडून आलं? धूळ नको म्हणून तिनं खिडक्याही लावून घेतल्या होत्या. पिकत्या फळांतून सुटणारा, फुलं सुकवणारा वायू आणि बंद खोली. बाईंना स्वतः काही करावंच लागलं नाही.

तिसऱ्या दिवशी मंडळाचे अध्यक्ष दत्ताजीराव परीक्षणाला आले. कांचननं बाईंनाही आग्रहानं बोलावलं होतं, तिसरा पेला बघायला. टेबलावर कार्नेशनची फुलं मिटून झोपी गेली होती आणि गुलाबांच्या पाकळ्या चिकूंवर पडल्या होत्या.

"काय झालं हे?" दत्ताजीरावांनी विचारलं.

कांचन बाईंकडे बोट करून म्हणाली, "मी काय करणार? रीत सरोजिनीबेनची. त्यांनीच शिकवलंय सगळं. पहिल्यापासून."

वर्षभर ज्या वाक्यासाठी बाईंचा जीव अडला होता, ते वाक्य आलं ते असं, सुकलेल्या फुलांच्या साक्षीनं. रीतीत खोट नाही म्हणावं, तर चिकूंचं नाव घ्यावं लागणार. चिकूंचं नाव घ्यावं, तर परडी कुणाची तेही सांगावं लागणार.

बाईंनी एक चिकू उचलून शांतपणे सोलला.

"खरं आहे," त्या म्हणाल्या. "रीत माझीच. यंदा हरलेय ती मीच. म्हणजे गेली दोन वर्षं जिंकले तीही मीच, नाही का दत्ताजीराव?"

दत्ताजीराव न्यायी गृहस्थ होते आणि त्यांना अजून चार घरं उरकायची होती. "बरोबर आहे. कांचनबेन, पेले पोचते करा."

दुसऱ्या दिवशी कांचन दोन्ही पेले घेऊन आली. ते रिकामे नव्हते, दोन्हींत एकेक टपोरा पिकलेला चिकू होता.

"रिकामं भांडं देऊ नये म्हणतात," ती म्हणाली आणि पेले तिनं बरोब्बर बाईंच्या फुलदाणीला टेकवून ठेवले. "रात्री मोबाइलवर वाचलं बरं का, पिकलेलं फळ फुलांजवळ ठेवू नये. तुम्हाला ठाऊक नसेल. चला, आवजो."

दार लागलं. सदानंदरावांनी एक चिकू तोंडात टाकला. "गोड आहे. पोरगी लवकर शिकते."

बाईंनी फुलदाणी गॅलरीत नेऊन ठेवली. आत येऊन पेले पुसले, कपाटात पुढच्या बाजूला लावले आणि खुंटीवरची कापडी पिशवी काढली.

"आता काय आणताय?"

"केळी," सरोजिनीबाई म्हणाल्या.