पेल्यातला पांढरा धागा

"निघाली! निघाली!" गर्दी ओरडली. सुरीबाबांनी सुकलेल्या टोमॅटोचं खोड कापून पेल्यातल्या पाण्यात धरलं होतं आणि कापातून दुधासारखा पांढरा धागा खाली उतरत होता.

"करणी आहे ही!" बाबा गरजले. "मंत्राशिवाय सुटेल होय?"

पुढचा नंबर रोपवाटिकेचा. आजूबाजूचे मळे माना टाकून बसले होते, हिरवी होती ती फक्त हिचीच रोपं. वर्षभर घर त्यांच्यावरच चालायचं. रोपवाटिकेची मालकीण दारात नुसत्या येरझारा घालत होती. बाबांना आवतण दिलं होतं सासूबाईंनी.

"अगं, आपली करणी आधीच काढून घेऊ."

"आई, शेजारच्या दादांचं आधी एकच झाड सुकलं होतं. लपलेली करणी शोधायला बाबांनी चांगल्या झाडांनाही चिरा दिल्या, मग रांगच्या रांग सुकली."

"तोंड आवर! देवमाणूस आहे तो."

देवमाणूस ओली सुरी परजत आलाच. सून दारात आडवी उभी राहिली.

"थांबा. आधी माझा चमत्कार बघा." तिनं दादांच्या मळ्यातलं सुकलेलं खोड विळीवर कापून पेल्यात धरलं. "मंत्र मला येत नाही. 'कांदे स्वस्त झाले' म्हणू?"

लोक हसले, आणि हसता हसता पेल्याकडे वाकले. धागा उतरत होता.

"हे जिवाणू. पीकरोगाच्या डॉक्टरीणबाईंनी दाखवलं मला. खोडाच्या नळ्यांत ते तुंबतात, वर पाणी चढत नाही, झाड सुकतं. पाण्यात धरलं की असे बाहेर येतात. बाबा, सुरी कधी उकळता?"

"उकळली तर सिद्धी जाते!"

"सिद्धी नाही, जिवाणू जातात. आजारी झाडातली सुरी तशीच चांगल्या झाडात घातलीत तुम्ही!"

शेजारच्या दादांनी कपाळावर हात मारला. "अरे देवा! झाडं तर मीच धरून उभा होतो."

सासूबाई आत गेल्या आणि चुलीवरचं आधण घेऊन आल्या. "बाबा, सुरी टाका यात. मग आत या."

बाबांनी सुरी टाकली नाही. काढता पाय मात्र घेतला.

"माझ्या झाडांना आता औषध काय?" दादांनी विचारलं.

"औषध नाही, दादा," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "उपटून जाळायची. तिथली माती दुसरीकडे न्यायची नाही. उरलेली वाचवायची."

तेव्हा मंडळी, पेल्यात काहीही दिसू दे, हात जोडायची घाई करू नका. सुरी कुठून आली, ते आधी विचारा.