खुर्ची पुसणारी बाई

चष्मेवाल्याने उभा जन्म लोकांची नजर सुधारण्यात घालवला, आणि पन्नाशी उलटल्यावर गोष्ट लिहायला बसला तो थेट थोरल्या बहिणीवर. खबरदारी मात्र घेतली. ताईला शिक्षिका केलं, नाकावर तीळ दिला, नवऱ्याला परगावी धाडलं. गोष्टीतली बाई अशी, की पाहुणा उठला रे उठला, त्याची पाठ वळायच्या आत खुर्ची फडक्याने पुसणार. हळूहळू माणसं यायची थांबली. बाई एकटी, खुर्च्या चकचकीत. शेवट लिहिताना चष्मेवाला हमसून रडला. ताईची आपल्याला एवढी कीव येते, याचं त्याला जरा कौतुकही वाटलं.

गोष्ट मासिकात आली. गिऱ्हाइकांनी पाठ थोपटली. ताईचं रविवारचं येणं तेवढं बंद झालं. दुकानावरच्या त्याच्या खोलीत येणारं तेच एक माणूस; जमेच्या बाजूला दुसरं नावच नव्हतं. फोन केला की भाची म्हणायची, "आई झोपलीय, मामा." भर सकाळी!

अखेर एका रविवारी ताई आली. नेहमीच्या खुर्चीत टेकली.

"तीळ झकास दिलास रे. माझ्या नाकाला तेवढीच शोभा."

"ताई, ती तू नाहीस गं."

"मीच की. तोंडाळ मी, हट्टी मी, सगळं कबूल. पण खुर्ची? माझ्या घरच्या खुर्च्यांवर बोटाने अक्षरं गिरवावीत एवढी धूळ. मी कधी पुसली?"

तो हसला. "अगं, काहीतरी मनाचं घालावं लागतं."

"मनाचंच घातलंस. हे इथे एकदाच आले, आठवतं? जिन्यातून छत्री न्यायला परतले, तर तू फडकं घेऊन खुर्चीवर वाकलेला. 'मला काय खरूज झालीय?' म्हणाले. पुन्हा आले नाहीत."

चष्मेवाल्याचं हसू ओठांवरच राहिलं. "मग तू कशी येत राहिलीस?"

"भाऊ आहेस. जिना उतरताना मागे बघायचं नाही, एवढं पाळलं."

ताई उठली. "येते," म्हणाली. जाताना सगळेच म्हणतात. दारात मात्र तिने आज पहिल्यांदाच वळून पाहिलं.

भिंगं पुसायचं फडकं त्याच्या हातात होतं. खिशातून कधी निघालं, त्याचं त्यालाही कळलं नव्हतं.

तिची पावलं जिना उतरू लागली. तो घाईघाईने त्याच खुर्चीत बसला. बैठक अजून उबदार होती. ती निवली, खिडकीतला उजेड भिंतीवरून सरकला, तरी तो हलला नाही. उठलो तर पुसू, एवढं आता त्याला स्वतःबद्दल पक्कं ठाऊक होतं.