काकांची रेघ

"डावीकडे, काका. अगदी थोडं डावीकडे."

"घेतलं."

"अहो, कसलं घेतलं? सावली वाढली उलट! उजवीकडे गेलात तुम्ही."

"उजवीकडे कसा जाईन? तू फ्रॉक घालून हिंडत होतीस तेव्हापासून डिश फिरवतोय मी."

"ते खरं हो. पण पुन्हा एकदा घ्या ना. माझ्यासाठी."

ताईने हेडफोन कानावर घट्ट दाबला. तिला ताई सगळेच म्हणत, तिच्या दुप्पट वयाचेसुद्धा. उपग्रहाच्या कंट्रोलरूममध्ये ती फोनवर बसायची आणि तिच्या 'हो'शिवाय कुणाच्याही डिशला वर आकाशात तोंड उघडायची परवानगी नव्हती. डिश बसवणाऱ्याने गच्चीवरून तिला फोन करायचा, ती म्हणेल तेव्हा यंत्र चालू करायचं, की तिच्या पडद्यावर एका रिकाम्या जागेत उंच रेघ उभी राहायची. ती रेघ म्हणजेच तो माणूस. कारण यांच्यातल्या एकाचंही तोंड ताईने कधी पाहिलेलं नव्हतं.

आता उपग्रह एक आणि गिऱ्हाइकं ढीगभर. म्हणून एकेका जागेत दोघादोघांना बिऱ्हाड दिलेलं: एकाच्या लहरी उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या. उभ्याने उभं राहावं, आडव्याने आडवं, म्हणजे दोघांचाही संसार सुखाचा. पण डिशचं तोंड जरा तिरकं बसलं की याची बडबड त्याच्या घरात. पडद्यावर शेजारच्या चौकटीत तेव्हा बुटकी सावली दिसायची. ती घालवायची, एवढंच ताईचं काम. एवढंच म्हणायचं आपलं. संध्याकाळी घरी गेल्यावर बाईच्या तोंडून शब्द फुटत नसे.

काकांची रेघ मात्र पहिल्या फटक्यात स्वच्छ यायची. नोकरीच्या पहिल्या महिन्यात साहेबांची बोलणी खाऊन ताई फोनवरच रडायला लागली होती, तेव्हा पलीकडे काका होते. "रड, रड," ते म्हणाले होते. "डिश काही पळून जात नाही. तुझं आटपलं की सांग." आणि खरोखरच भर उन्हात गच्चीवर थांबले होते. असली माणसं विसरता येतात होय?

पण यंदा काकांचं काहीतरी बिनसलं होतं. दोनदा काम नापास झालं. आज ते ज्या शाळेच्या गच्चीवर होते, तिथलीच डिश मागच्या आठवड्यात बसवताना सावली थोडी उरली होती, तरी ताईने "चालेल, काका" म्हणून टाकलं. माया आंधळी असते म्हणतात ते खोटं नाही. चाललं मात्र नाही. त्याच जागेतलं दुसरं बिऱ्हाड निघालं डोंगरावरच्या दवाखान्याचं. तिथे डॉक्टर नाही, नुसती एक नर्स. डॉक्टर दुपारी शहरातून पडद्यावर येतात. "डॉक्टर बोलता बोलता तुटतात हो," नर्स काल फोनवर काकुळतीला आली होती. "अडलेली बाई समोर आहे आणि मला नुसते त्यांचे ओठ हलताना दिसतात. मी करू काय?" बाईला कसंबसं खाली नेलं, निभावलं. आज तशीच दुसरी बाई आली होती.

साहेबांनी सकाळीच बजावलं होतं, "दुपारच्या आत सावली गेली नाही तर ती डिश बंद. आणि तुमच्या त्या काकांचा परवानाही."

हे सगळं सांगूनच ताईने काकांना पुन्हा गच्चीवर चढवलं होतं आणि तिचा जीव टांगणीला लागला होता.

"घेतलं बघ डावीकडे," काका म्हणाले. सावली आणखी वाढली.

तेवढ्यात फोनमध्ये मागून एक बायकी आवाज आला. "अहो, डावं म्हणजे माझं की तुमचं?"

ताईने खुर्ची पुढे ओढली.

"काका, कोण आहे तिथे?"

"कोण असणार? ही आहे." आवाज एकदम खाली आला होता.

"काकूंकडे द्या बरं फोन."

फोन हातातून हातात गेला. काकू धापा टाकत होत्या. "बाई, तुझ्यापासून काय लपवायचं आता? त्यांना दिसत नाही गं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी हात टेकले. ते डिशच्या मागे उभे राहून सांगतात आणि मी पुढच्या बाजूने, त्यांच्याकडे तोंड करून पाना फिरवते. माझं तोंड इकडे, त्यांचं तिकडे. माझं डावं ते त्यांचं उजवं. घरी जन्मभर असंच चाललंय, पण तिथे खपून जातं."

ताईला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग डोळेही भरले. पण घड्याळ काही थांबणार नव्हतं.

"काकू, आता मी सांगते तसं फिरवा. तुमचं उजवं. हळू... अजून... किंचित... बस!"

सावली खाली खाली गेली आणि पडद्याच्या तळाशी कायम थरथरणाऱ्या खुरट्या रेघांत दिसेनाशी झाली. इतकी स्वच्छ रेघ वर्षभरात कुणाची आली नव्हती.

"नट आवळा आता."

"आवळला. जमलं? मला जमलं?" काकू लहान मुलीसारख्या हरखल्या आणि लगेच कुजबुजल्या, "ऐक ना. ते खांबाला धरून बसलेत. चेहरा बघवत नाही गं. शेवटचा हात त्यांना फिरवू दे. नट आवळलाय, काही हलायचं नाही."

"द्या त्यांना."

फोन परत काकांकडे आला.

"काका, केसभर राहिलंय बघा. तुमचं डावं."

लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला. पडद्यावर काही म्हणता काही हललं नाही.

"अजून थोडं... बस, काका. गेली सावली. झकास!"

पलीकडे नुसता वारा वाजत होता. मग काका अगदी हळू म्हणाले, "ताई, नट आवळलेला आहे."

ताईने पडद्यावरची नजर खाली वळवली.

"डोळे गेले गं. हात शाबूत आहेत माझे."

"काका, मी..."

"गप. चांगल्या मनाने केलंत दोघींनी. मला कळलं हे तिला सांगू नकोस. गुडघे धरून शिडी चढते बिचारी माझ्यापायी. आणि साहेबांना म्हणावं, परवाना मीच परत देतोय. पलीकडे बाळंतीण अडलेली आणि मी मध्ये गोंधळ घालत बसलोय, हे बरं नाही. लिहून घे आजच."

"आजच कशाला, काका?"

"उद्या धीर व्हायचा नाही मला."

मग त्यांनी तोंड बाजूला वळवलं आणि आवाज चढवला. "जमलं गं! बघ, शेवटी मलाच करावं लागलं."

"लागलं खरं," काकू म्हणाल्या. "माझ्याने कुठलं व्हायला!"

काका फोन बंद करायला विसरले. तो तसाच खिशात गेला असावा. कापडाची खसखस ऐकू आली, हत्यारांची पेटी मिटल्याचा आवाज आला, मग शिडी कुरकुरली.

"पाय खाली सोडा," काकू सांगत होत्या. "मी धरलंय. घाई नाही आपल्याला कसली."

ताईच्या टेबलावर दुसऱ्या फोनचा दिवा लुकलुकत होता. कुणीतरी नवा, दुसऱ्याच कुठल्या गच्चीवरून. साहेबांनी दारातून विचारलं, "झालं का त्या शाळेचं?"

"झालं," ताई म्हणाली. "दवाखान्याला सांगा, लाइन मोकळी आहे."

"मग तो फोन घ्या की."

ताईने हात वर करून त्यांना थांबवलं. ती दोघं जमिनीवर पोचेपर्यंत तिने हेडफोन कानावरून काढला नाही.