खोबरेल प्यालेली येझदी

मी येझदी बोलतेय, आणि जरा मोठ्यानेच बोलतेय. इलाज नाही. आमच्या वेळी हळू बोलायची पद्धतच नव्हती. दोन सायलेन्सर, दोघांचेही गळे मोकळे. आता चाळिशी उलटली. सकाळी उठायला वेळ लागतो, सांधे कुरकुरतात, आणि चार पावलं चालले की धूर निघतो. तुमच्यातल्या बऱ्याच जणींचं असंच असतं म्हणे. फक्त तुम्हाला दर काही वर्षांनी आरटीओसमोर उभं राहून अजून चालतेय हे दाखवावं लागत नाही.

जन्म म्हैसूरचा. तिथून कोल्हापूरच्या एका दुकानात आले. काळी कुळकुळीत, टाकीवर सोनेरी रेघ. स्वतःचं कौतुक करू नये, पण तेव्हा लोक रस्ता ओलांडून बघायला यायचे. नेल्सनसर खरं तर घरी सांगून आले होते की स्कूटर आणतो. मालवणच्या शाळेत गणित शिकवायचे ते, राहायचे आचऱ्याला. मला बघितलं आणि सरांचं गणित चुकलं.

माझी एक खोड आहे. माझ्या पायाशी दांडी एकच. आधी तिनेच किक मारायची, मग तीच वळवून गिअर टाकायचा. सरांना हे जमायला बरेच दिवस लागले. तेवढे दिवस शेजारचे लोक चहाचे कप घेऊन कुंपणाच्या गडग्यावर बसायचे. फुकटचा तमाशा कोण सोडतो?

पुढे सरांचं लग्न झालं आणि मागच्या सीटवर पिएदाद आली. एका बाजूला पाय सोडून बसायची, मांडीवर मासळीची पिशवी. मला बांगड्याचा वास आवडत नाही, पण मला कोण विचारतंय? मग ब्रेंडा झाली. ती टाकीवर बसायची आणि तोंडाने माझाच आवाज काढायची. सवत वाटायची मला ती, इतका हुबेहूब.

घराच्या अलीकडे एक वळण आहे, वळणानंतर उतार. संध्याकाळी शाळेतून येताना सर तिथे अ‍ॅक्सिलरेटरची मूठ सोडून द्यायचे. ब्रेक नाही, घाई नाही. मी डुग डुग डुग करत स्वतःशीच बोलल्यासारखी खाली यायची, आणि अंगणात शिरताना सर एकदाच मूठ पिळायचे. स्वयंपाकघरातून पिएदाद म्हणायची, "इलो." आला म्हणून कोणाला सांगायची, देव जाणे. घरात कुणी नसलं तरी म्हणायची.

मग सर गेले. माझ्यावरून पडून नाही, हे मुद्दाम सांगते, लोक लगेच आमच्याकडे बोट दाखवतात. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

मला पडवीत उभी केली, वर ताडपत्री. आमच्याकडच्या खाऱ्या वाऱ्यात लोखंड उघडं ठेवलं तर एका पावसाळ्यात त्याची चाळण होते. पिएदाद मला रोज पुसायची. आणि तिने आणखी एक गोष्ट सुरू केली. सर पेट्रोलमध्ये बाटलीतून तेल घालायचे, ते तिने बघितलं होतं. दोन स्ट्रोकची गाडी मी, मला पेट्रोलमध्ये तेल लागतं. पण कुठलं, ते तिने कधी विचारलं नव्हतं.

"येंजिनाक तेल नाय पडला तर सुकतला ता," असं म्हणून तिने माझ्या टाकीत घरच्या नारळाचं खोबरेल ओतायला सुरुवात केली.

शेजारची शेवंती म्हणाली, "अगो, गाडियेचा तेल दुकानात मेळता."

"विकतचा कित्याक? माझे माड काय मेले?"

कोकणातल्या बाईला याच्यापुढे काय बोलायचं? मी मुकाट्याने पीत राहिले. केस असते तर एव्हाना गुडघ्यापर्यंत आले असते.

नाताळाला ब्रेंडा मडगावहून आली. मला बघून तिचा चेहरा उतरला. "मम्मी, अशी ठेवलंस तर ही गंजून जातली. कोणाक तरी दी."

"देतंय गो," पिएदाद म्हणाली. "पण आधी एकदा चालू होऊंदे. एकदा तो आवाज कानार पडांदे. मगे बघू."

मला सगळं समजलं. तिला मी नको होते, तिला ती संध्याकाळ हवी होती, आणि तिची खात्री होती की ती माझ्या पोटात कुठेतरी शिल्लक आहे. खरं सांगू? माझीही तीच खात्री होती. मलाही सरांची आठवण यायची. आणि रस्त्याची तर इतकी यायची की पडवीसमोरून एखादी मोपेड गेली तरी माझा जीव वरखाली व्हायचा. मोपेड! काय ही वेळ.

ब्रेंडा जुन्या गाड्यांच्या वेड्यांच्या एका ग्रुपवर होती. तिथे दर रविवारी ज्याने त्याने आपल्या लाडक्या गाडीची गोष्ट सांगायची. तिने माझा फोटो टाकला, ताडपत्रीसकट. आणि जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, गाड्याच गाड्या. सगळ्या माझ्या वयाच्या, पण काय तो रंग, काय तो क्रोम. लग्नात शाळेतल्या मैत्रिणी भेटाव्यात आणि आपणच तेवढ्या घरच्या गाऊनमध्ये असावं, तसं झालं मला.

पिएदादने चहा केला, नाताळातल्या गोडापैकी उरलेला दोदोल कापला. मंडळी बसली आणि गोष्टी सुरू झाल्या. पहिली गाडी, विकलेली गाडी, विकून परत शोधत फिरलेली गाडी. मालवणचा बाबुश, मोठ्या पोटाचा, म्हणाला, "माझे आतापर्यंत नऊ गाडये झाले. बायल एकच. ती म्हणता, माका पण आठवड्यान असो एकदा पुसलंस तर तुझो हात झडतलो काय?"

सगळे हसले. कुडाळच्या एमआयडीसीत काम करणारा ओंकार होता, त्याने पिएदादला विचारलं, "आंटी, आता तुम्ही सांगा मा. तुमची गाडी."

"माझी खंयची रे गाडी? मी मागसून बसणारी." ती ट्रे धरून उभीच होती. "तुम्ही सगळे रस्तो सांगतास. माका रस्तो दिसलोच नाय कधी. माका दिसली ती मान. वर उन्हान काळी पडलेली, आणि कॉलरीच्या खाली गोरी. आचऱ्यासून मालवणापर्यंत मी तीच बघलंय. जाताना, येताना."

बाबुशने दोदोलचा तुकडा परत बशीत ठेवला.

मग ओंकारने बाह्या सरसावल्या आणि माझा कार्बुरेटर उघडला. पेट्रोल केव्हाच उडून गेलं होतं, खोबरेल मागे राहिलं होतं, आणि जानेवारीच्या थंडीत ते मस्त थिजलं होतं. पांढरं शुभ्र.

"आंटी, ह्या काय? लोणी?"

"खोबरेल ता. घरचा."

"मसालो पण घातलंस काय?" बाबुशने विचारलं.

"हसा. विकतचा तेल खावन कोणाचा बरा झाला?"

हसून हसून लोक खळ्यात लोळायचे बाकी राहिले. मी ओशाळले. चारचौघींत पोट उघडं पडलं की काय वाटतं ते सांगायला नको. पण गरम पाण्याचा टोप आला, सगळं धुऊन निघालं, ताजं पेट्रोल आलं. ओंकारने किक मारली, मग बाबुशने, मग परत ओंकारने. आणि मी खोकले, आणि सुरू झाले. असा धूर सोडला की वाडीभर कुणीतरी तळण काढलंय असं वाटावं!

पिएदाद धावत आली नाही. म्हणाली, "थांब. मी आत जातंय. तू वळणार जा आणि थंयसून खाली ये." आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली.

ओंकार मला वर घेऊन गेला. किती दिवसांनी चाकाखाली रस्ता! मला रडू येईल असं वाटलं. वळण घेतलं, उतार लागला. मी वाट बघत होते, आता मूठ सोडेल. ओंकारने ब्रेक धरला. गिअर खाली घेतला. शहाण्या मुलासारखा, जपून, दुसऱ्याची गाडी म्हणून. मी जीव तोडून डुग डुग करायचा प्रयत्न केला, पण मूठ हातात असते माणसाच्या. अंगणात शिरलो.

पिएदाद दारात आली. हात पुसत होती.

"बरी वाजता," ती म्हणाली. मग हात पुसायचे थांबवून, "पण हो तो नाय."

ओंकारचा चेहरा पडला. "आंटी, परत येतंय. कसे येयत ते सर? सांगा, मी तसोच येतंय."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं सांगेल. मी मनात म्हणत होते, सांग गो, सांग, आपल्या दोघींना मिळेल ते.

"नको रे बाबा," ती म्हणाली. "तू शिकशीत पण. आणि मी फसान."

ब्रेंडा पायरीवर बसली.

पिएदादने माझ्या टाकीवरून फडकं फिरवलं. "घेवन जा हिका. चालव. उगीच बांधून घातलंय हिका मी."

मला वाईट वाटलं का? वाटलं. इतकी वर्षं मी समजत होते की तो आवाज माझा आहे. बाईमाणसाने अशा गैरसमजात राहू नये, पण राहतो आपण.

आता मी कुडाळला असते. रंग नवा आहे, तेल विकतचं. ओंकार चांगला आहे, घासूनपुसून ठेवतो. त्याची बायको सृष्टी मला चालवायला शिकतेय आणि दांडी वळवायला विसरतेय. रविवारी आम्ही जमतो, लोक विचारतात ही कुणाची, आणि ओंकार म्हणतो, "नेल्सनसरांची." मला ते आवडतं.

एवढंच मागणं आहे. ओंकार, कधी मालवणवरून देवगडकडे निघालास तर मला आचऱ्यावरून ने. मला ते घर एकदा बघायचंय. पण वळण आलं की इंजिन बंद कर. उतार आहे, मी आपोआप येईन, गप्प बसून येईन. मला कठीण जाईल, पण येईन. नाहीतर आत तिचे हात थांबतील, ती दारात येईल, आणि बाहेर तू असशील.