कॅप्टन ड्रूइटची पितळी पाटी

हार्लन ड्रूइटने आयुष्यभर जुन्या मोटारी विकल्या होत्या, त्यामुळे कुठल्याही वस्तूचा मूळ मालक कोण हे फार खोलात जाऊन विचारू नये, असं त्याचं ठाम मत होतं. घराण्याच्या बाबतीत मात्र त्याला मूळ मालक हवा होता, आणि तोही कॅप्टनच हवा होता.

कॅप्टन जोनास ड्रूइट. इंग्लंडहून येऊन व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर उतरलेला ड्रूइटांचा मूळ पुरुष. त्याच्या नावाची पितळी पाटी चर्चच्या भिंतीवर लावायची आणि वसाहतकाळातल्या घराण्यांच्या मानाच्या मंडळात शिरायचं, असा हार्लनचा बेत होता. पण मंडळाला दर पिढीचा कागद लागतो, नुसती छाती फुगवून भागत नाही. म्हणून त्याने चुलतबहिणीला, मॅरिएटाला, कामाला लावलं.

मॅरिएटा चौतीस वर्षं औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होती. डॉक्टरांची अक्षरं लावून, कुणाचाही जीव न घेता निवृत्त झालेल्या बाईला सतराव्या शतकातला कारकून काय घाबरवणार?

काउंटी कोर्टाच्या तळघरात जुन्या वह्या सांभाळणाऱ्या मिसेस ओडेसा बॅग्वेलनी तिची चिठ्ठी वाचली आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"ड्रूइट का? कॅप्टन हवाय की खरा हवाय?"

"म्हणजे?"

"म्हणजे कॅप्टन हवा असेल तर तुमच्या खापरपणजोबांनी छापलेलं घराण्याचं पुस्तक वरच्या मजल्यावर आहे. खरा हवा असेल तर बसा इथे. आणि स्वेटर घाला, खाली गार असतं."

मॅरिएटाने स्वेटर घातला. तिसऱ्या दिवशी तिला जोनास सापडला. 'होडीवाला' म्हणून. खाडीच्या या काठावरची माणसं त्या काठावर सोडायचा. कॅप्टन खराच, आठ माणसं आणि एका गाईचा.

यात वाईट काही नाही, असं ती स्वतःला समजावत होती, तोवर पान उलटलं. सन १६८७. जोनास वारशाच्या कुठल्याशा भांडणासाठी इंग्लंडला गेला आणि एकोणीस महिन्यांनी परतला. घरी पाहतो तो बायको टेम्परन्सच्या मांडीवर तीन आठवड्यांचा मुलगा. जोनास फारसा शिकलेला नव्हता, पण एकोणीसमधून नऊ वजा करण्याइतका नक्कीच होता. तो थेट कोर्टात गेला. मुलाचा बाप म्हणून नाव निघालं नथॅनियल पिकचं. हा नथॅनियल ठरावीक वर्षांच्या करारावर राबणारा सुतार, शेजारच्याच मळ्यावरचा.

कोर्टाने टेम्परन्सला शिक्षा दिली, रविवारी पांढरी चादर पांघरून चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभं राहायची आणि पश्चात्ताप बोलून दाखवायची. ती उभी राहिली. कशाचा पश्चात्ताप होतोय, असं विचारल्यावर तिने सांगितलं, जहाज सुखरूप परत आलं याचा. कारकुनाने हे जसंच्या तसं लिहून ठेवलं होतं. तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या त्या कारकुनाबद्दल मॅरिएटाला एकदम माया वाटली. ती मोठ्याने हसली, आणि मिसेस बॅग्वेल लांबून म्हणाल्या, "चादरीपर्यंत आलात वाटतं!"

चौदा वर्षांनी जोनासने मृत्युपत्र केलं. पहिल्या बायकोची दोन मुलं तापाने गेलेली. सगळी मालमत्ता पुतण्याला. 'आणि ज्याला माझा मुलगा म्हणतात त्या एबेलला एक शिलिंग. त्याचा त्याने आरसा घ्यावा आणि आपला चेहरा कुणासारखा आहे ते बघावं.'

ड्रूइटांची सगळी पिलावळ याच एबेलची.

मॅरिएटाने हार्लनच्या स्वयंपाकघरात जाऊन सगळं वाचून दाखवलं. तो बराच वेळ कॉफी ढवळत राहिला. त्यात साखर नव्हती.

"अगं, पण सगळ्यांनी त्याला ड्रूइटच म्हटलं ना?"

"म्हटलं. जोनास सोडून."

"एका माणसाचं मत आहे ते! रागाच्या भरात लिहिलंय. मी पण रागात काय काय लिहितो."

"हार्लन, टेम्परन्सचंही मृत्युपत्र आहे." मॅरिएटाने दुसरा कागद पुढे सरकवला. "'माझ्या एबेलला त्याच्या बापाचा रंधा, वाकस आणि पटाशी.' आता होडीवाला रंधा कशाला बाळगेल?"

"मग मी काय पिक?" हार्लन ओरडला. "हार्लन पिक? अगं, दुकानाच्या पाटीवर चाळीस वर्षं ड्रूइट आहे! आणि पितळी पाटीची ऑर्डर गेली आहे!"

खरं दुःख ते होतं.

जूनमध्ये चर्चच्या सभागृहात घराण्याचं स्नेहसंमेलन झालं. हॅम, बिस्किटं, बटाट्याचं सॅलड, आणि सगळ्यांच्या अंगावर कॅप्टनच्या जहाजाचं चित्र असलेले टी-शर्ट. गाय चित्रकाराने गाळली होती. मॅरिएटाने दोन्ही मृत्युपत्रं आणि चादरीची हकीकत वाचली.

मग हार्लन उठला. "मित्रहो, आपला देश लोकशाहीचा आहे," तो म्हणाला. "एबेल हा कॅप्टनचाच मुलगा होता, असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा."

त्रेचाळीस हात वर झाले. विरोधात सात. अशा रीतीने एबेलच्या जन्माचा प्रश्न हॅम गार व्हायच्या आत निकाली निघाला. नऊ महिन्यांचा हिशोबही बहुमताने दुरुस्त झाला. पुढच्या महिन्यात पाटी भिंतीवर चढली, कॅप्टनसकट. मानाच्या मंडळाने मात्र अर्ज साभार परत केला. त्या अडाणी लोकांकडे हात वर करायची पद्धतच नाही.

पण ते नंतरचं. त्या दुपारी मॅरिएटा कागद पिशवीत घालत असताना एक्याण्णव वर्षांच्या आयडा आत्याने तिला काठीने खुणावून जवळ बोलावलं. विरोधातल्या सातांत तिचा हात सगळ्यात आधी वर गेला होता.

"बस इथे. त्या बाईचं पुढे काय झालं गं?"

"जोनासला पुरून दोन महिनेही झाले नाहीत, तोच तिने नथॅनियलशी लग्न केलं."

"दोन महिने थांबली? बरीच सोशिक म्हणायची. मग? सुखात राहिली का?"

सुखाचा कागद कुठल्या कोर्टात मिळतो? मॅरिएटाने आठवून पाहिलं. जोनासबरोबरच्या वर्षांत टेम्परन्सचं नाव त्या वह्यांत बावीस वेळा आलं होतं. कधी भांडण, कधी बदनामी, कधी शेजाऱ्याचं डुक्कर.

"लग्नानंतर ती सव्वीस वर्षं जगली, आत्या. त्या सव्वीस वर्षांत एकदाही कोर्टात नाव नाही. ना तिने कुणावर तक्रार केली, ना कुणी तिच्यावर. एकदम मृत्युपत्रच."

आयडा आत्याने मान डोलावली. "झालं तर मग," ती म्हणाली, आणि मॅरिएटाच्या बशीतलं बिस्किट उचलून खाऊ लागली.