जमिनीला टेकलेला शून्य

सोमवार, सकाळी साडेदहा. मुलांचा दवाखाना, तपासणीची खोली, दारामागची भिंत. याच भिंतीपाशी एका धडधाकट मुलीला आजारी ठरवलं गेलं. मी शेजारीच होते, म्हणून मीच बोलते. मी उंची मोजायची सागाची पट्टी.

सुताराने मला ठोकलं तेव्हा माझा शून्य थेट जमिनीला टेकवला. तिथून मी हललेली नाही. रंग उडाला, आकडे शाबूत आहेत. माझ्यापुढे भल्याभल्यांनी टाचा उचलल्या. मी कुणाला केसभरही उंच केलं नाही.

म्हाताऱ्या डॉक्टरांची एक रीत होती. मुलाच्या आधी ते आईबापांना माझ्यापुढे उभं करत. मग म्हणत, "तुम्ही दोघं माझ्या खांद्याला लागता आणि पोरगा ताडमाड हवा? घरी न्या. जेवू द्या, खेळू द्या." अशी कितीतरी मुलं औषधाविना घरी गेली आणि छान वाढली. त्यात माझाही वाटा आहे.

पुढे दवाखाना त्यांच्या डॉक्टर सुनेकडे आला. पाठोपाठ औषध कंपनीचा माणूस आला. त्याने माझ्या बाजूला प्लास्टिकचा जिराफ चिकटवला, फुकट. त्यावर प्रत्येक वयासमोर एक लाल पट्टा. त्यात डोकं आलं की वाढ खुंटली.

"मॅडम, हाच जिराफ बावीस देशांत लागलाय," तो म्हणाला. "पूर्वी लोक ठेंगणा म्हणून सोडून द्यायचे. आता इंजेक्शन आहे."

इंजेक्शन आधी आलं, आजार मागून.

त्या सोमवारी शिवणकाम करणारी एक बाई लेकीचा खोकला दाखवायला आली. लेक नऊ वर्षांची, आईसारखीच लहान चणीची; घरी तिला चिमणीच म्हणत. जिराफापुढे उभी राहिली आणि डोकं लाल पट्ट्यात गेलं. खोकला राहिला बाजूला. रोज एक इंजेक्शन, काही वर्षं.

"मीही एवढीशीच आहे की, मॅडम. माझं कुठे काय अडलं?"

"हिचं अडायला नको, म्हणूनच."

इंजेक्शनं सुरू झाली आणि काही दिवसांतच चिमणी दवाखान्याच्या पायरीवरूनच रडायला लागली. एकदा म्हातारे डॉक्टर सहज डोकावले. जुन्या सवयीने त्यांनी आधी आईला माझ्यापुढे उभं केलं, मग चिमणीला. माझा आकडा वाचला, जिराफाचा वाचला आणि गुडघ्यांवर हात टेकून खाली वाकले.

"सूनबाई, पोरीचे पाय जमिनीवर आहेत. तुमच्या जिराफाचे कुठे आहेत ते बघा."

भिंतीच्या पायथ्याला लावलेल्या टाइलच्या वरून जिराफ चिकटवला होता. प्रत्येक मूल चार बोटं खुजं ठरत होतं. सूनबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी इंजेक्शन तिथल्या तिथे बंद केलं. मी म्हातारी झाले असेन, पण त्या दिवशी माझ्या सागाच्या अंगात आनंद मावत नव्हता.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या माणसाने जुना जिराफ काढून नवा लावला, थेट जमिनीपासून. "चुकून झालं, मॅडम. आता बघा."

सूनबाईंनी चिमणीला आईसोबत पुन्हा बोलावलं होतं. ती उभी राहिली. पुन्हा लाल.

म्हातारे डॉक्टरही आले होते. त्यांनी काढलेला जुना जिराफ नव्याच्या शेजारी धरला. नव्यावरचा लाल पट्टा वर सरकला होता, नेमका चार बोटं.

"माझी पोर तेवढीच आहे," आई म्हणाली. "हा लाल रंग वर कुणी नेला?"

"ताई, नवं छापलंय. वरूनच तसं येतं."

"वरून म्हणजे कुठून?"

उरलेले जिराफ काखेत मारून तो पुढच्या दवाखान्याकडे निघाला.

आता या भिंतीवर मी एकटीच आहे, ताठ. सूनबाईही आधी आईबापांना उभं करतात. नवा जिराफ मात्र शहरातल्या बाकी दवाखान्यांत लागला आहे आणि मुलं रोज त्याच्यापुढे उभी राहताहेत. चिमणीच्या आईला अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.