सातवी पाठ

“हवेले कायले तेल लावून राहिली वो काकी?” शामकला खिदळली.

मी हात मागे घेतला. धान रोवण्याच्या दिवसांत बोदलकशाच्या तलावाखालच्या बांध्यांत दिवसभर वाकायचं असतं. उन्हानं कातडी सोलवटू नये म्हणून सकाळीच बाया माझ्या अंगणात पाठ उघडी करून बसतात, अन् मी करंजाचं तेल चोळते. बाया सहा. माझा हात रोज सातवीकडे जातो, अन् तिथे कोणी नसतं. माझी लेक रामकली तिथे बसायची.

“तुलसा बुढी झाली,” निर्मलाबाई माझ्याकडे पाहून म्हणाली, अन् सगळ्या हसल्या. हसू द्या मेल्यांना.

बाया निघाल्या. शामकला मात्र रेंगाळली. पदर सारून तिनं मानेवरचा डाग दाखवला. राणीछाप रुपयाएवढा, पांढराफेक.

“घरी मालूम झालं तं मले माहेरी धाडतील, काकी. रामकलीच्या कोडाले तुमी बावचीचं तेल लावलं होतं ना? मलेबी लावा. दिवसभर उन्हातच राहीन, लवकर जाईल.”

नऊ वर्षांपूर्वी मीच रामकलीला हे सांगितलं होतं. वैदू बजावून गेला होता, बावची लावली की विडा चघळून होईस्तोवरच ऊन द्यायचं. पण आठ दिवसांत तिच्या सासरची माणसं न्यायला येणार होती, अन् मला घाई. पाठभर बावची चोळून दिवसभर बांधीत उभी केली पोरीला. संध्याकाळी पाठ फोडांनी भरली. अकराव्या दिवशी ती गेली. गाव म्हणालं, देवी आली. मी मेली गप्प राहिले. बायांनी माझ्या दाराशी रामकलीच्या नावानं देवीचा दगड मांडला, शेंदूर लावला, तरी गप्प.

“नोको!” मी एवढ्यानं ओरडले की गेलेल्या बाया माघारी आल्या. “देवी नाही आली होती वो. बावची लावली का ऊन जाळते. मीनंच जाळलं माह्या पोरीले.”

मग निर्मलाबाई पुढे आली.

“नऊ वर्सं आमी तुह्या दारात नारळ फोडून राहिलो,” ती म्हणाली. “अन् तू पाहत राहिली?”

दुसऱ्या दिवशी अंगणात कुणी आलं नाही. ऊन तापल्यावर मला राहवेना, मी बांधावर गेले. एकीनंही मान वर केली नाही. पाच पाठी कोरड्या, लाल होत चाललेल्या. शामकलानं मात्र ऊन शिरू नये असा लुगड्याचा पदर मानेभोवती घट्ट गुंडाळून घेतला होता.